उत्सर्ग

सांताक्रूझहून जुन्या घोडबंदर रस्त्याने, म्हणजे आजच्या स्वामी विवेकानंद मार्गाने, शहराकडे निघालेला मनुष्य खार ओलांडतो, वांद्र्याचा तलाव मागे टाकतो, आणि मग ज्या क्षणी दोन्ही बाजूंची दाटी एकाएकी हटून उजव्या हाताने समुद्राचा आणि डाव्या हाताने मिठी नदीच्या मुखाचा खारट, काहीसा कुजकट वारा अंगावर येतो, त्या क्षणी तो माहीमच्या सेतूवर पोहोचलेला असतो. हा सेतू ओलांडण्यास वाहनाला मिनिट-दोन मिनिटे पुरतात, आणि त्या अवधीत कोणी काही पाहावे असे तेथे फारसे उरलेलेही नाही. परंतु मला तेथे नेहमी एक गोष्ट जाणवत आली आहे, आणि ती एका अभावाची आहे: या सेतूवर नाका नाही. उपनगर आणि बेट यांच्या सांध्यावर, जेथे कोणत्याही काळच्या कोणत्याही सरकारला जकातीची चौकी बसवण्याचा मोह व्हावा अशा मोक्याच्या जागी, वाटसरूला अडवून त्याच्यापुढे हात पसरणारा कोणी नाही. सेतू कोणी बांधला हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. बांधून झाल्यावर बांधणाऱ्याने काय केले, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारीत नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी तो विचारला होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी एक स्वतंत्र विधीच घातला होता. यज्ञयागादी कर्मे ती 'इष्ट', आणि विहिरी, तळी, देवालये, अन्नछत्रे, उपवने ही 'पूर्त', असा भेद करून त्यांनी दुसऱ्या वर्गाचा अधिकार स्त्रियांना आणि शूद्रांनाही खुला ठेवला. परंतु तळे खणून पुरे झाले, पायऱ्या बसल्या, पाणी लागले, एवढ्याने पूर्त पूर्ण होते असे मात्र त्यांनी मानले नाही. त्यानंतर 'उत्सर्ग' व्हावा लागे. यजमानाने हाती उदक घेऊन ते तळे सर्व भूतांसाठी सोडावयाचे. सोडावयाचे, द्यावयाचे नव्हे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या प्रचंड इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील हा भेद मोठ्या बारकाईने उलगडला आहे: दानात एकाचे स्वत्व सुटून ते दुसऱ्या विशिष्ट माणसाकडे जाते, तर उत्सर्गात ते सुटते आणि कोणा एकाकडे जात नाही. मग ज्याने तळे खणले त्याला त्यातले पाणी पिता येईल की नाही, अशी शंका निबंधकारांना आली. आणि तिचा निकाल त्यांनी असा केला की येईल, परंतु मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या काण्यांना या विवेचनात जो रस वाटला असेल तो केवळ पांडित्याचा नसावा. या शहरातील देवळे, घाट, धर्मशाळा आणि सदावर्ते यांच्या वहिवाटीचे किती तरी तंटे मुळात याच एका प्रश्नाभोवती फिरत असतात.

माहीमच्या खाडीवर सेतू होण्यापूर्वी साष्टीतून मुंबईत यावयाचे तर तरीवाचून गत्यंतर नव्हते. साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि मराठ्यांकडून १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे आली. पण खाडीला राज्यक्रांतीचे काय? पावसाळ्यात ओहोटीचा जोर आणि वारा एक झाले की नावा उलटत आणि माणसे बुडत. कंपनी सरकारला सेतूची आवश्यकता पटत होती आणि पैसा मात्र सुटत नव्हता. अखेर सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी या कामी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि १८४५ साली सेतू पुरा झाला. 'लेडी जमशेटजी' हे नाव पुढे माहीमकडच्या रस्त्यालाही मिळाले, आणि माहीम-दादरच्या लोकांच्या तोंडी तो आजही 'एल. जे. रोड' आहे, त्या दोन आद्याक्षरांमागे एक बाई उभी आहे हे बसच्या पाटीवरून कोणाला कळणार?

परंतु माझ्या दृष्टीने रकमेहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्याबरोबर घातलेली अट. या सेतूवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून सरकारने कसलाही पथकर घेऊ नये, या बोलीवर हे द्रव्य देण्यात आले होते. खाड्यांवरच्या तरी मक्त्याने देऊन त्यातून महसूल उभा करण्याचा ज्या काळी सर्रास प्रघात होता, त्या काळी ही अट लहान नव्हती. पारशी कुटुंबातील या स्त्रीने धर्मशास्त्राचे निबंध वाचले होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्या अटीत मला उत्सर्गाचे उदक दिसते. पैसा देऊन मोकळे होणे सोपे असते. आपल्या मागून येणारा अधिकारी, ज्याने या कामी एक दिडकीही घातली नाही, तो याच कामाचे उत्पन्नाचे साधन करील हे आधी ओळखून त्याची वाट बंद करून ठेवणे, यासाठी औदार्याबरोबर माणसांची पारखही लागते. (जिजीभाईंची दौलत ज्या चीनच्या व्यापारात मिळाली त्यात अफूचा वाटा मोठा होता, हे येथे लपवण्याचे कारण नाही, सेतू त्यामुळे खचत नाही, पण चरित्रकारांनी तो भाग घाईघाईने ओलांडावा हेही बरे नव्हे.) माहीमच्याच उपसागरावर २००९ साली वांद्रे-वरळीचा नवा सागरी सेतू झाला, तो देखणा आहे आणि त्यावर टोल आहे. सांताक्रूझच्या माणसापुढे आज दोन्ही वाटा आहेत, आणि खिशाकडे पाहून जो जुन्या वाटेने वळतो तो आवाबाईंच्या अटीचा आजही लाभार्थी असतो.

सांताक्रूझ हे नावच पोर्तुगीज, 'पवित्र क्रूस' या अर्थाचे, आणि येथल्या जुन्या गावठाणांतून, कलिन्यात, वाकोल्यात, वळणावळणावर उभे असलेले क्रूस त्याची साक्ष देतात. तेव्हा बांधून झाल्यावर काय, या प्रश्नापाशी त्या क्रूसवाल्यांच्या ग्रंथातील एका कारभाऱ्याची आठवण झाली तर ती अस्थानी होऊ नये. नहेम्या हा पारसच्या बादशहाच्या पदरी प्यालेबरदार होता. आपल्या पूर्वजांचे यरुशलेम नगर उद्ध्वस्त पडले आहे हे ऐकून त्याने बादशहाकडून परवानगी मिळवली, तेथे जाऊन लोकांना कामाला लावले, आणि शत्रूंचा उपहास व धाकदपटशा सोसून अवघ्या ५२ दिवसांत नगराचा कोट उभा केला. प्रवचनकार बहुधा येथेच थांबतात. मला त्यापुढचा भाग अधिक वाचनीय वाटतो. कोट झाला, दरवाजे बसले, पण नगर विस्तीर्ण आणि वस्ती तुरळक. घरे अजून बांधावयाची होती. नहेम्याने प्रथम काय केले, तर द्वारपाल नेमले. ऊन चांगले तापल्याखेरीज दरवाजे उघडू नयेत असा हुकूम केला. प्रत्येकाने आपापल्या घरासमोर पहारा करावा अशी व्यवस्था लावली. आणि मग जुन्या नोंदी काढून लोकांची खानेसुमारी केली. हा सर्व कारभार मामलेदाराच्या दप्तरात शोभेल असा नीरस आहे, आणि त्याचे मोल नेमके त्यातच आहे. सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नाही, हेही त्याने नमूद करून ठेवले आहे. थोड्या आत्मप्रौढीने, पण ती त्याला माफ करावी.

नगराचा अधिकार त्याने दोघांकडे सोपवला. एक हनन्या, ज्याच्या विश्वासूपणाचा आणि ईश्वरभीरुतेचा दाखला तो देतो. आणि दुसरा हनानी, त्याचा भाऊ. या भावाची निवड मला नेहमी खटकत आली आहे. हनानी लायक असेलही; नगराच्या दुरवस्थेची वार्ता त्यानेच प्रथम आणली होती. पण पुढे नहेम्या बादशहाकडे परत गेला आणि काही काळाने पुन्हा आला, तेव्हा त्याला आढळले ते असे: मंदिराच्या कोठारातील एक प्रशस्त खोली, जिच्यात धान्य, धूप आणि दशांश ठेवावयाचे, ती याजक एल्याशीब याने तोबीया नावाच्या आपल्या सोयऱ्याला, कोटाच्या कामात ज्याने पदोपदी विघ्ने आणली त्या माणसाला, राहण्यास देऊन टाकली होती. नहेम्याने तोबीयाचे सामानसुमान बाहेर फेकले आणि खोली शुद्ध करून घेतली. कोट ५२ दिवसांत होतो. एका खोलीचा ताबा मात्र बारा वर्षांच्या कडक कारभारानंतरही पाठ फिरताच सोयरिकीच्या हाती जातो. ज्यांनी पंढरपूरच्या देवस्थानाच्या वहिवाटीचे तंटे वाचले आहेत, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढले गेल्यावर त्याचा अखेरचा निकाल लागण्यास २०१४ साल कसे उजाडले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तोबीयाची खोली परकी वाटणार नाही.

आमच्या उपनगरात या प्रश्नाला कायद्याच्या मार्गाने उत्तर देऊ पाहणारा एक गृहस्थ होऊन गेला, त्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली सहकारी पतपेढी काढली आणि तिला स्वतःचे नव्हे तर आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांचे नाव दिले. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली. आणि त्याच चळवळीच्या विस्तारात सांताक्रूझची सारस्वत कॉलनी उभी राहिली. सहकारी कायद्यात एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. दरवर्षी सर्वसाधारण सभा, दरवर्षी हिशेबतपासणी. म्हणजे उत्सर्गाचे उदक येथे एकदा सोडून भागत नाही, ते प्रतिवर्षी सोडावे लागते. कागदावर ही योजना निर्दोष आहे. व्यवहारात मी जेथे कित्येक वर्षे राहिलो त्या इमारतीचे एक चिटणीस, ज्यांच्या खटपटीवाचून ती इमारत उभी राहिलीच नसती हे सर्वांना मान्य होते, गच्चीची किल्ली शेवटपर्यंत आपल्या कमरेला लावून हिंडत असत. पापड वाळवण्यास जाणाऱ्या बायकांना ती मागून घ्यावी लागे, आणि मागताना चिटणिसांच्या उपकारांचे स्मरणही करावे लागे. सभेत कोणी हा विषय काढला नाही. काढणार तरी कसा?

त्या किल्लीमुळे मला नेहमी एका अशा पुरुषाची आठवण होत असे की ज्याने इमारती बांधल्या असंख्य आणि किल्ली कमरेला कधी लावली नाही. वऱ्हाडात शेंडगाव येथे १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर १९०५ साली घर सोडून निघाले, आणि अंगावरच्या चिंध्या, हातातला खराटा आणि डोक्यावरचे मडके एवढ्या सरंजामावर लोकांनी त्यांना गाडगेबाबा केले. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलातून घसरत नदीवर जात, तेथे १९०८ च्या सुमारास त्यांनी घाट बांधवला. त्यानंतर पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा उठत गेल्या. या बांधकामांची पद्धत अशी की बाबा कीर्तन करीत, कीर्तनातून लोकांचे मन हलवीत, मन हलले की पैसा निघे, आणि पैसा निघाला की तो गावच्या भल्या माणसांच्या हाती जाऊन काम सुरू होई. स्वतः त्यांनी तो ठेवला नाही. लाखोंच्या इमारती उभ्या करणारा हा मनुष्य जेवणासाठी दारोदार भाकरतुकडा मागून आणी आणि खापरात कालवून खाई, ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकात जाऊन गुळगुळीत झाली आहे. तिचा कारभाराशी असलेला संबंध मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

तो संबंध असा. धर्मशाळा पुरी झाली की ज्याच्या कीर्तनाने ती झाली त्याला तेथे एक खोली राखून ठेवणे हे आपल्या समाजाला अगदी स्वाभाविक वाटते. त्या खोलीत पुढे त्याची गादी येते, गादीमागून पुतण्या येतो, आणि दोन पिढ्यांत यात्रेकरू ओसरीवर आणि गादीचे वंशज माडीवर अशी वाटणी होऊन जाते. बाबांनी ही साखळी पहिल्या कडीलाच तोडली. खोली घेतली नाही. आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर काही हक्क असणार नाही अशी व्यवस्था केली. पत्नी कुंताबाई आणि मुलींसाठी या साऱ्या पसाऱ्यातून एक कोपराही राखला नाही. यात कुंताबाईंच्या वाट्याला जे आले त्याचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि बाबांच्या वैराग्याचे गोडवे गाताना आपण तो विसरतो, हे मला येथे म्हटल्यावाचून राहवत नाही. नहेम्याने भाऊ नेमला, बाबांनी घरच्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले. दोघांपैकी कोण अधिक निष्ठुर आणि कोण अधिक दूरदर्शी हे ठरवणे मला तितकेसे सोपे वाटत नाही.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही या सर्व इमारतींत माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण. ज्यांना देवळाची पायरी ओलांडण्याची मनाई होती, ज्यांच्या संताची समाधी महाद्वाराबाहेर होती आणि ज्यांच्यासाठी साने गुरुजींचे उपोषण व्हावयास १९४७ साल यावे लागले, त्या अस्पृश्य वारकऱ्यांना आषाढीच्या पावसात पाठ टेकण्यास छप्पर मिळावे म्हणून १९१७ साली तिचे काम झाले. आता या इमारतीचे पुढे काय व्हावे? बाबांचे भक्त सर्व जातींतले होते, त्यांत धनिक होते, सचोटीचे विश्वस्त मिळण्यास अडचण नव्हती. तरीही १९४९ साली ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवण्यात आली. एक अक्षरशत्रू कीर्तनकार आणि एक विद्यासंपन्न घटनाकार. एकाच्या तोंडी 'गोपाला गोपाला', तर दुसऱ्याने पुढे हिंदू धर्मच सोडला. बाबांनी हा मतभेद आड येऊ दिला नाही. ज्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली त्यांचे पुढारीपण कोणाकडे आहे एवढेच त्यांनी पाहिले, आणि वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणार असेल तर पडो, अशा मोकळ्या हाताने ती सोडली. दात्याला आपल्या हेतूचाही मोह असतो, पैशाच्या मोहाहून तो सूक्ष्म आणि चिवट; वास्तू दिली तरी ती अमुकच कामाला लागली पाहिजे असा हट्ट दानपत्राच्या शेवटच्या कलमात दबा धरून बसतो. तोही येथे सुटला.

संस्थांचा व्याप वाढल्यावर १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले, म्हणजे बाबांच्या मागे कारभार कोणी पाहावा याची तजवीज बाबांच्या डोळ्यांदेखत झाली. दोन वर्षांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ एक धर्मशाळा उभी राहिली, आणि येथे माझ्या या लेखातील दोन धागे नकळत एकत्र येतात. हे रुग्णालयही जिजीभाईंच्याच देणगीतले, माहीमच्या सेतूच्याच वर्षी, १८४५ साली, सुरू झालेले. रोगी आत खाटेवर पडला की त्याच्याबरोबर कोकणातून, घाटावरून, वऱ्हाडातून आलेली आई किंवा बायको बाहेर फुटपाथवर पदर अंथरून निजे, आणि हे शंभरांवर वर्षे चालले होते. जिजीभाईंनी रोग्याची सोय पाहिली. रोग्याच्या नातलगाची सोय पाहण्यासाठी स्वतः आयुष्यभर उघड्यावर निजलेला मनुष्य यावा लागला. बाबांच्या पश्चात दादरलाही मिशनची धर्मशाळा झाली, आणि परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी दूरदूरहून येणारे रुग्ण आणि त्यांची माणसे तेथे उतरतात. ती पाहण्यास बाबा नव्हते. त्यांच्या कारभाराची परीक्षा घ्यावयाची तर जे. जे.च्या धर्मशाळेपेक्षा या दुसरीवर घ्यावी, कारण तेथे खराटा दुसऱ्याच्या हाती आहे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याला, पोलीस ठाण्याच्या आवारात, बाबांचे कीर्तन झाले. ते शेवटचे ठरले. त्यांचा आवाज त्या रात्रीचा ध्वनिमुद्रित आहे, आणि तो ऐकताना प्रथम लक्षात येते ते असे की हा मनुष्य उपदेश करीत नसून प्रश्न विचारीत आहे. श्रोत्यांकडून उत्तर काढून घेतल्याशिवाय त्याचे वाक्य पुढे सरकत नाही. माहीमचा सेतू तेथून हाकेच्या अंतरावर. सांताक्रूझ-खारची माणसेही त्या गर्दीत असतील, आणि कीर्तन संपल्यावर जुन्या घोडबंदर रस्त्याने बोलत बोलत परतली असतील. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, आजारी बाबांना मोटारीने अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचा प्राण गेला. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळांपैकी एकीतही त्यांची खोली नव्हती, आणि मरतेवेळीही ते कोणत्याच छपराखाली नव्हते. गाडी पुलाजवळ थांबवण्यात आली एवढेच.